ज्याला जमेल तो बघेल

मुकुल हुपरीकरला फोनवर बोलायचा मनापासून कंटाळा. कंटाळा कसला, तिटकाराच म्हणा. फोन वाजला की त्याच्या कपाळाला आठी पडायची. समोरचा माणूस स्वतःला हवं तेव्हा आपल्या कामात घुसतो आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाही, ही काय पद्धत झाली, असं तो म्हणायचा. मेसेज टाका की. मी बघेन, मला वेळ होईल तेव्हा. आता असं म्हणणारी माणसं बेंगळुरूत पैशाला पासरी, त्यात मुकुलचं वेगळं काही नाही. वाईट एवढंच, की ज्या एका माणसाला हे जन्मात पटणार नव्हतं तो त्याचा बाप होता.

पद्माकर हुपरीकर ऐन तरुणपणी इचलकरंजीकडून बेंगळुरूला आले, विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. येलहंक्याला घर बांधलं, मुकुल आणि ऋचाला वाढवलं. कन्नड इतकं अंगात मुरलं की घरात मराठी बोलतानाही 'जरा थांब'च्या जागी 'स्वल्प थांब' म्हणायचे. आणि 'सरी'. सरी म्हणजे ठीक आहे, बरं. पण पद्माकररावांचं सरी निराळं होतं. एखादी गोष्ट पटली नाही आणि वाद घालायचाही कंटाळा आला, की ते मान खाली घालून "सरी" म्हणत. मुकुलची आई हसायची. "तुमच्या बाबांचं सरी म्हणजे नाही, बरं का," म्हणायची. मग आई गेली, आणि येलहंक्याच्या घरात बाबा एकटे राहिले.

एकटे राहिले म्हणजे फोन करत राहिले. "मुकुल, मोरीचा नळ गळतोय. शनिवारी ये." बरं म्हटलं तरी फोन ठेवायचे नाहीत. "किती वाजता येतोस?" वेळ सांगितली की मगच ठेवायचे. आणि काम झाल्यावर तोंडानं 'झालं' म्हणावं लागायचं, नळ समोर बंद दिसत असला तरी. ही कारखान्यातली सवय. तिथं ज्याला काम सांगायचं त्याचं नाव घेऊन सांगायचे, त्याच्याकडून 'करतो' वदवून घ्यायचे, आणि तो परत येऊन 'झालं' म्हणेपर्यंत ते काम डोक्यातून काढायचे नाहीत. विमानाच्या बाबतीत ठीक आहे हो. पण मिक्सरच्या भांड्याचं झाकण, पेपरवाल्याचा खाडा, शेजारच्या मांजराचा उच्छाद, सगळ्याला तोच खाक्या. हट्टी म्हातारा होता, उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको. सिद्धी, म्हणजे मुकुलची बायको, शांत बाई. तीसुद्धा म्हणायची, "बाबांचा फोन आला की मला शाळेत हजेरी दिल्यासारखं वाटतं."

मुकुलची कंपनी घरी माणूस पाठवून रक्त तपासायला नेणारी. तुम्ही फोनवरच्या अ‍ॅपात नोंदणी करायची, सकाळी उपाशीपोटी बसायचं, कंपनीचा मुलगा येऊन सुई टोचून जातो. या सगळ्याच्या मागचं सॉफ्टवेअर मुकुलच्या हातात होतं. त्याची तऱ्हा सर्व्हरलेस. म्हणजे कायम जागं राहणारं असं त्यात काही नाही. छोटी छोटी फंक्शन्स झोपलेली असतात. हाक आली की जागं व्हायचं, नेमून दिलेलं एक काम करायचं, पुन्हा झोपायचं. आता ही हाक दोन प्रकारांनी मारता येते. एक म्हणजे हुकूम. नाव घेऊन सांगायचं, अमुक कर, आणि उत्तर येईपर्यंत दारात उभं राहायचं. दुसरी म्हणजे दवंडी. असं असं घडलंय, एवढं गावाला सांगायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. ज्याला त्याचं देणंघेणं असेल तो ऐकेल आणि आपलं काम करेल.

मुकुल आला तेव्हा कंपनीत सगळा हुकुमाचा कारभार. नोंदणी झाली की ती सुई टोचणाऱ्याला हुकूम सोडायची, बिलाला सोडायची, मेसेज धाडणाऱ्याला सोडायची, आणि प्रत्येकाची वाट बघत ताटकळायची. सकाळच्या गर्दीत एक अडला की सगळे अडले. मुकुलनं ते मोडून दवंडीवर आणलं. नोंदणी फक्त म्हणणार, 'नोंदणी झाली'. बाकीचे आपापले जागे होतील. कारभार इतका सुरळीत झाला की वरचे साहेब खूश. मुकुलला मोठं पद मिळालं आणि नव्या मुलांना शिकवायचं कामही.

शिकवताना तो फार छान बोलायचा, यात शंका नाही. भव्या नावाची एक मुलगी नवीन लागली होती, मंड्याकडची, प्रश्न विचारायला न लाजणारी. तिनं विचारलं, "पण ते काम कुणीतरी करायलाच हवं असेल, आणि कुणी ऐकतच नसेल, तर?"

"तर ती दवंडी नव्हेच," मुकुल म्हणाला. "तो हुकूम. तिथं नाव घ्यायचं आणि उत्तराची वाट बघायची. आणि एक लक्षात ठेव. 'मिळालं' म्हणजे 'झालं' नव्हे. समोरच्यानं निरोप घेतला एवढंच त्यानं कळतं. लोक इथंच फसतात."

अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. भव्यानं लिहूनही घेतलं.

त्याच सुमारास एकदा मोठ्या साहेबांसमोर मुकुल बोलत असताना बाबांचे लागोपाठ तीन फोन आले. बाहेर जाऊन जीव मुठीत धरून उचलला, तर मिक्सरचं झाकण. त्या रविवारी तो तडक येलहंक्याला गेला. बाबांच्या फोनवर 'हुपरीकर' नावाचा ग्रुप उघडून दिला. त्यात तो, सिद्धी, ऋचा आणि ऋचाचा नवरा शंतनु. ऋचा राजाजीनगरला राहते, तिथल्याच शाळेत शिकवते.

"बाबा, आता फोन नाही करायचा. काय असेल ते इथं टाकायचं. आम्ही चौघं आहोत. ज्याला जमेल तो बघेल."

बाबा चष्मा वर करून त्या पडद्याकडं बघत राहिले. "पण मी कुणाला सांगतोय?"

"कुणा एकाला सांगायची गरजच नाही. तीच तर गंमत आहे."

"मग कोण येणार ते मला कसं कळायचं?"

"अंगठा दिसला की समजायचं, पोचलं. बघतंय कुणीतरी."

बाबांनी फोन टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली. "सरी," म्हणाले.

मुकुलला त्या सरीचा अर्थ कळला नाही असं नाही. आईनं लहानपणीच शिकवला होता. पण त्यानं कानाडोळा केला. हेब्बाळच्या पुलावर गाड्या तुंबायच्या आत निघायचं होतं त्याला.

आणि खोटं कशाला बोला, ग्रुप छान चालला. 'नळ गळतोय' असं बाबांनी टाकलं की ऋचा अ‍ॅपवरून माणूस धाडायची. 'गोळ्या संपल्या' आलं की सिद्धी मागवून द्यायची. शंतनु बिलं भरायचा. मुकुल अंगठे द्यायचा. फोन बंद झाले ते झालेच. बाबांचं बोलणंही त्याबरोबर आटलं, मांजराची गाऱ्हाणी बंद झाली, पण घरात शांतता आली म्हणून कुणी तिची चौकशी करतं का? मुकुल तर इतका खूश, की ऑफिसात शिकवताना उदाहरण म्हणून बापालाच पुढं केलं. "मी माझ्या वडिलांना हुकमावरून दवंडीवर आणलंय," म्हणाला. सगळे हसले. भव्याही हसली.

मग फेब्रुवारीतली ती सकाळ आली.

बाबांनी ग्रुपवर लिहिलं, 'उजवा हात जड वाटतोय. चहाचा कप सुटला हातातून. शब्द नीट सुचत नाहीत.' एवढंच. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायचं नाही असंच तर ठरलं होतं.

मुकुल मीटिंगमध्ये होता. त्यानं टेबलाखाली फोन धरून वाचलं, आणि पहिला विचार आला तो ऋचाचा. राजाजीनगर जवळ पडतं, ती जाईलच. त्यानं अंगठा दिला. ऋचानं शाळेत दोन तासांमधल्या सुट्टीत बघितलं. दादाचा अंगठा दिसला. दादा निघाला म्हणजे, असं समजून तिनं लिहिलं, 'काळजी घ्या बाबा', आणि वर्गात गेली. सिद्धीनं बघितलं तेव्हा भाऊ-बहीण दोघंही बोललेले. त्यांचं ठरलं असणार, आपण मध्ये कशाला पडा. तिनं हात जोडल्याचं चित्र टाकलं. शंतनुनं सगळ्यात शेवटी बघितलं, आणि तिघं असताना त्यानं काही म्हणायची गरजच उरली नव्हती.

चौघांपैकी एकालाही बापाची फिकीर नव्हती असं म्हणाल तर ते साफ खोटं होईल. चौघांना होती. चौघांना वाटलं, बाकीच्या तिघांपैकी कुणीतरी रस्त्यावर आहे. आणि येलहंक्याच्या रस्त्यावर कुणीच नव्हतं.

बाबांनी तेवढं सगळं वाचलं आणि खाली लिहिलं, 'सरी'. ते त्यांचं शेवटचं लिहिणं.

त्यानंतर काय झालं ते शेजारच्या रम्या अक्कानं सांगितलं. बाबांनी डाव्या हातानं कसाबसा बाहेर जायचा शर्ट चढवला होता, बटणं वरखाली लागली होती. दाराची कडी काढून ठेवली आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून फाटकाकडं बघत बसले. रम्या अक्का फुलं तोडायला बाहेर आली तर अंकलचं तोंड तिला वाकडं दिसलं. ती घाबरली. म्हणाली, अंकल, मी ऑटो बोलावते, आपण दवाखान्यात जाऊ. बाबांनी हात हलवून नको म्हटलं. जीभ जड झाली होती, पण एवढं त्यांनी नीट सांगितलं: "मगा बरतिद्दाने." मुलगा येतोय. फोन तिच्यापुढं धरून त्यातला अंगठा दाखवला. मुलगा येतोय म्हटल्यावर शेजारणीनं किती जोर करायचा? ती पाणी देऊन घरात गेली. दुपारच्या जेवणाच्या सुमारास पुन्हा डोकावली तेव्हा बाबा खुर्चीतून एका बाजूला कलंडले होते आणि फोन पायरीवर पडला होता.

तिनं त्यातला नंबर बघून आपल्या फोनवरून मुकुलला लावला. अनोळखी नंबर. मुकुलनं कापला, आणि 'नंतर बोलतो' असा तयार मेसेज आपोआप गेला. बाई बिचारी पुन्हा लावत राहिली. त्यानं उचलला तेव्हा ती त्याच्यावर ओरडलीसुद्धा नाही, फक्त विचारलं, "तुम्ही हेब्बाळला अडकलात का? अंकल सकाळपासून वाट बघतायत."

मुकुल "निघालो," एवढं म्हणाला, आणि खरोखर तेव्हा निघाला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं ते हेच, की त्रास नेमका कधी सुरू झाला. पहिल्या काही तासांत आणलं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, नंतर नाही. मुकुलला सांगता येईना, म्हणून त्यानं ग्रुप उघडून फोन त्यांच्या हातात दिला. बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी वेळ वाचली, खालचा अंगठा बघितला, जोडलेले हात बघितले. "म्हणजे तुम्हाला सकाळीच कळलं होतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या, कागदावर लिहायचं म्हणून विचारलं. मुकुलनं मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं आणि आत गेल्या.

बाबा वाचले. वाचले असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भावाबहिणीचं जुंपलं. "तू अंगठा दिलास, दादा. मी तुझा अंगठा बघून वर्गात गेले."

"तू अर्ध्या वाटेवर राहतेस. मला पार दुसऱ्या टोकाहून, सिल्क बोर्डपासून यायला लागतं."

"मग तसं लिहायचं होतंस. ऋचा, तू जा, एवढंच. चार शब्दसुद्धा नाहीत होत. मी गेले नसते?"

ती गेली असती. सगळं टाकून गेली असती, हे मुकुलला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच तो जास्त चिडून बोलला. नको नको ते बोलला, आईच्या आजारपणातलंही उकरून काढलं. ऋचा चहा तसाच ठेवून उठली. त्यानंतर ती बाबांना भेटायला येते ती मुकुल ऑफिसात असताना येते.

त्याच आठवड्यात ऑफिसातही एक गडबड झाली होती. एका फंक्शननं मान टाकली, कुणा आजोबांची साखर तपासायची नोंदणी पुढं सरकेना. दोन-तीनदा हाका मारूनही काम झालं नाही म्हटल्यावर तो निरोप एका बाजूला ठेवलेल्या पेटीत जाऊन पडला, आणि पेटीत काही पडलं की भोंगा वाजतो तसा तो भव्याच्या फोनवर वाजला. ती पेटी आणि तो भोंगा मुकुलनंच बसवून घेतला होता. 'दवंडी पिटायची तर हे हवंच' असं शिकवून. भव्यानं लगेच माणूस धाडला, आजोबांचं रक्त वेळेत गेलं. मुकुल रजेवरून परतल्यावर तिनं मोठ्या उत्साहानं सांगितलं, "एकही निरोप हरवला नाही. एकही नाही." तिला काय माहीत. मुकुल "शाब्बास" म्हणाला, उठून बाथरूममध्ये गेला, आणि नळ सोडून बराच वेळ तिथंच उभा राहिला. परक्या आजोबांच्या साखरेसाठी त्यानं भोंगा बसवला होता, आणि स्वतःच्या बापासाठी एक अंगठा.

बाबा आता एचएसआर लेआउटला मुकुलच्या घरी असतात, सातव्या मजल्यावर, जिथं यायला ते धडधाकट असताना कधी तयार झाले नाहीत. सगळी भाषा गेली, मराठी गेली, कन्नड गेलं, इंग्रजी गेलं. एक शब्द तेवढा राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि माणूस प्रत्येक गोष्टीला तोच म्हणतो, त्यातून अर्थ काढू नका. बाबांचा राहिलेला शब्द 'सरी'. भूक लागली का, सरी. पोट भरलं का, सरी. कुशीवर वळवू का, सरी. दुखतंय का, सरी. व्यायाम शिकवायला येणारा मुलगा म्हणाला, डाव्या हाताचा अंगठा वर करून हो म्हणायला शिकवू या. मुकुल एकदम म्हणाला, "ते नको. दुसरं काहीतरी शिकवा."

मुकुलनं त्यांच्या उशाशी घंटीचं बटण लावलं. डाव्या हातात देऊन दाखवलं. "बाबा, काही लागलं की दाबायचं. मीच येईन. दुसरं कुणी नाही, मीच." नाव घेऊन सांगितलं, स्वतःचं. फोनची रिंग इतकी मोठी केली की मीटिंगमध्ये लोक दचकतात. आता कितीही बोलावलं तरी तो उठून जायला तयार आहे. बाबांनी ते बटण एकदाही दाबलेलं नाही.

परवा रविवारी दुपारी सिद्धी बाजारात गेली होती. मुकुल वाटीत पेज घेऊन बाबांजवळ बसला. त्यांचा चेहरा खिडकीकडं होता. खिडकीतून समोरच्या इमारतीचं फाटक दिसतं, तिकडं ते तासन्‌तास बघत असतात. कुणाची वाट बघतात का, की नुसतेच बघतात, ते कळायला मार्ग नाही. मुकुलनं चमचा खाली ठेवला. इतक्या दिवसांत जे ओठांवर आलं नव्हतं ते आलं.

"बाबा, त्या दिवशी मी निघालोच नव्हतो."

बाबांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "सरी."

"तुम्ही माझ्यावर रागावलात ना?"

"सरी."

मुकुलनं त्यांचा डावा हात धरला. "की नाही रागावलात?"

बाबांनी तितक्याच शांतपणे, तितक्याच समजूतदार डोळ्यांनी म्हटलं, "सरी."

निरोप त्यांना मिळाला होता की नाही, एवढंही त्या शब्दातून कळणार नव्हतं. आई असती तर तिनं अर्थ लावून दिला असता. मुकुलनं पुन्हा विचारलं नाही. त्यानं डोळे पुसले, गार झालेली पेज ढवळली आणि पुढचा चमचा भरला.